चितळ आहे, पुढे घ्या

ताडोबाच्या मोहर्ली गेटातून सकाळी जिप्सी आत शिरली, की पहिल्या पाच-दहा मिनिटांत चितळ दिसतंच. रस्त्याच्या कडेला, सागाच्या विरळ सावलीत, दहा-पंधरांचा कळप असतो. पहिल्यांदा आलेला पाहुणा हरखून उभा राहतो, कॅमेरा बाहेर काढतो. तेवढ्यात मागच्या सीटवरून कुणीतरी जाणता म्हणतो, ‘चितळ आहे, पुढे घ्या.’ ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर गेलेलाच नसतो. हे वाक्य कान्हा, पेंच, मेळघाट, नागझिरा कुठेही ऐकू येतं आणि त्याला कुणी हरकत घेत नाही. या पुस्तकाची हरकत त्या वाक्याला आहे.

वाघाचा फोटो मिळतो, चितळाचा काढावा लागतो. वाघ समोर आला की निम्मं काम तोच करून टाकतो. फ्रेम जरा तिरकी झाली, उजेड सपाट पडला, मध्ये फांदी आली, तरी पाहणारा ‘वा!’ म्हणतोच, कारण तो फोटो पाहत नसतो, वाघ पाहत असतो. चितळाला हे वलय नाही. त्याचा फोटो बघणाऱ्याला थांबवायचा असेल तर उजेड, जागा, क्षण आणि त्या प्राण्याबद्दलची माहिती या सगळ्यांनी आपापलं काम चोख करावं लागतं. शिवाय ‘दिसलंच नाही’ ही वाघवाल्यांची हक्काची सबब इथे चालत नाही. दिसलं होतं, भरपूर दिसलं होतं. तुम्ही त्याचं काय केलंत, एवढाच प्रश्न उरतो.

आधी पुस्तकाचा आवाका सांगतो. आपण सरसकट ज्यांना हरणं म्हणतो त्यांत दोन वेगळी घराणी आहेत. चितळ, सांबर, भेकर, बारशिंगा ही एका कुळातली. यांच्या नरांची शिंगं भरीव हाडाची असतात, दरवर्षी गळून पडतात आणि नव्याने उगवतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि नीलगाय ही गाई-शेळ्यांच्या कुळातली. त्यांची शिंगं एकदा आली की आयुष्यभराची. पिसोरी तर दोन्हींत बसत नाही. तिला शिंगंच नसतात. फोटो काढणाऱ्याला ही वंशावळ तोंडपाठ असण्याची गरज नाही. पण शिंगं गळणारी की टिकणारी, यावर त्याच्या वर्षाचं वेळापत्रक ठरतं, म्हणून हा फरक ध्यानात ठेवायचा. पुस्तकाचा भर चितळ आणि सांबरावर आहे. काळविटाला एक स्वतंत्र प्रकरण दिलं आहे, कारण माळ जे शिकवतो ते जंगल शिकवत नाही.

रानातल्या हरणाचा फोटो आणि शिकार यांचं नातं जुनं आहे. अमेरिकेत मिशिगनच्या सरोवरांवर रात्री शिकार करायची एक पद्धत होती. होडीच्या नाकावर विस्तव पेटवायचा, काठावर पाणी प्यायला आलेलं हरीण त्या उजेडाकडे टक लावून पाहत राहिलं की चमकणाऱ्या दोन डोळ्यांच्या मध्ये गोळी घालायची. जॉर्ज शिरास हा पेनसिल्व्हेनियाचा वकील, पुढे अमेरिकी काँग्रेसचा सदस्य झालेला माणूस, हीच युक्ती वापरत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने बंदूक खाली ठेवली, होडीत कॅमेरा ठेवला आणि विस्तवाच्या जोडीला मॅग्नेशियमच्या भुकटीचा झगझगाट आणला. १९०६ च्या जुलैमध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ने त्याची ७४ छायाचित्रं एका अंकात छापली. काळ्याभोर पाण्याच्या काठावर दचकून उभी राहिलेली, पाण्यात स्वतःचं प्रतिबिंब पडलेली ती हरणं आजही अंगावर येतात. आपल्याकडे एफ. डब्ल्यू. चँपियन या वनाधिकाऱ्याने हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलांत असाच प्रकार केला. जनावराच्या पायवाटेवर तार बांधायची, तिला पाय लागला की फ्लॅश उडतो आणि जनावर स्वतःच स्वतःचा फोटो काढतं. त्याचं ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ १९२७ साली आलं. आजचे कॅमेरा ट्रॅप याच कल्पनेचे वंशज आहेत.

मला या परंपरेतला सगळ्यांत जवळचा वाटतो तो मद्रासचा एम. कृष्णन. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचे आणि लेन्सचे भाग जोडून त्याने स्वतःचं एक अवजड यंत्र तयार केलं होतं आणि त्याचं नाव थट्टेने ‘सुपर पाँडेरोसा’ ठेवलं होतं. तो कृष्णधवल फोटो काढायचा. जनावर त्याच्या परिसरासकट दिसलं पाहिजे आणि ते काय करतंय हे कळलं पाहिजे, यावर त्याचा कटाक्ष असे. आजच्या लांब लेन्सच्या जमान्यात मागचं सगळं रान लोण्यासारखं वितळवून टाकायची जी हौस आहे, तिच्यावर कृष्णनचे फोटो हा उत्तम उतारा आहे. आणि फोटोच का? अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरली आहेत. धडं चार, डोकं एकच, आणि ते चारही धडांना चपखल बसतं. ज्या शिल्पकाराने हे जमवलं त्याने हरणाची मान किती अंगांनी वळते हे तासन्‌तास पाहिलं असणार. वेरूळ-अजिंठ्याच्या सहलीत लोक हा चमत्कार म्हणून दाखवतात. मला तो निरीक्षणाचा दाखला वाटतो.

निरीक्षणाचं आणखी एक मोठं नाव घेतलं पाहिजे. जॉर्ज शॅलर १९६३ ते १९६५ या काळात कान्ह्यात राहिला. त्यातून जे पुस्तक झालं त्याचं नाव ‘द डिअर अँड द टायगर’. त्यात हरीण आधी आहे, वाघ मागून. चितळ, सांबर, बारशिंगा वर्षभर काय करतात, कधी माजावर येतात, शिंगं कधी टाकतात, पाडसं कधी होतात, हे त्याने पानोपान मांडून ठेवलं. हरणाचे फोटो काढायला शिकायचं असेल तर माझ्या मते महागडी लेन्स घेण्याआधी हे पुस्तक वाचावं. कारण हरणाचा फोटो हा आधी पंचांगाचा मामला आहे, मग कॅमेऱ्याचा.

पंचांग म्हणजे काय ते जरा तपशिलात सांगतो. पावसाळ्यात तीन महिने कोअरची, म्हणजे जंगलाच्या गाभ्याची, दारं बंद असतात. ऑक्टोबरात ती उघडतात तेव्हा गवत कमरेएवढं असतं आणि चितळाचं नुसतं डोकं आणि पाठीची रेघ दिसते. बहुतेक जण या महिन्याला नाकं मुरडतात. मला तो आवडतो. गवताच्या तुऱ्यांमधून वर आलेली एक मान आणि दोन कान, बाकी सगळं हिरवं-पिवळं. अशी मोकळी चौकट पुढे वर्षभर मिळत नाही. याच सुमाराला सांबराची शिंगं तयार झालेली असतात. नोव्हेंबर-डिसेंबरात सांबर माजावर येतं, चिखलात लोळतं, शिंगांनी माती उकरतं आणि तो गाळ अंगावर वाळवत फिरतं. तेव्हा त्याच्या गळ्याखाली केस गेलेला, रक्ताळलेला एक चट्टा कधीकधी दिसतो. जिप्सीतले लोक हळहळतात, ‘वाघाच्या तावडीतून सुटलंय बिचारं.’ तसं नसतं. हा चट्टा कितीतरी सांबरांना असतो, नरांना आणि माद्यांनाही. तो ग्रंथींमुळे की परजीवींमुळे, यावर अभ्यासकांत वाद आहेत. फोटोखाली ‘जखमी सांबर’ असं लिहून मोकळं होऊ नये, एवढंच.

हिवाळ्यात चितळाच्या कळपाकडे नीट पाहा. एका नराच्या शिंगांवर मखमल असते, ज्याला गाइड सर्रास ‘व्हेल्वेट’ म्हणतात. दुसऱ्याची शिंगं टणक झालेली असतात आणि तिसऱ्याच्या डोक्यावर नुसत्या दोन गाठी असतात. सांबराच्या मानाने चितळाचं वेळापत्रक सैल आहे, त्यामुळे शिंगांच्या सगळ्या अवस्था एकाच कळपात सापडू शकतात. मखमल म्हणजे वाढत्या हाडावरची जिवंत, रक्तवाहिन्यांनी भरलेली कातडी. सकाळचं ऊन मागून आलं की तिच्या कडेची बारीक लव उजळते आणि शिंगाभोवती सोनेरी रेघ उमटते. हा फोटो फक्त मागच्या उजेडातच होतो. समोरच्या उजेडात तीच शिंगं तपकिरी काठ्यांसारखी दिसतात. कान्ह्यात याच दिवसांत बारशिंगा माजावर असतो आणि नर शिंगांत गवताचे झुबके अडकवून फिरतात. १९७० च्या सुमारास हा प्राणी कान्ह्यात ६६ वर आला होता. तिथून तो सावरला, त्यात सोंफसारखी गावं हलवल्यावर मोकळ्या झालेल्या गवताळ मैदानांचा वाटा मोठा आहे. म्हणून बारशिंग्याचा फोटो काढताना मैदान चौकटीत घ्यावं. त्याच्या जगण्याची गोष्ट त्या गवतात आहे.

फाल्गुन-चैत्रात मोहाची फुलं पहाटे गळायला लागतात. झाडाखाली चितळं जमतात, वर वानरं असतात. वानरं निम्मं खातात, निम्मं खाली टाकतात आणि चितळं ते वेचतात. वानर उंचावरून बिबट्या आधी पाहतं, चितळाला वास आधी लागतो, त्यामुळे दोघांचीही सोय होते. या दोस्तीचे फोटो पुष्कळ आहेत आणि बहुतेक फसलेले आहेत, कारण वानर झाडाच्या शेंड्यावर आणि चितळ जमिनीवर असा सगळा पसारा एका चौकटीत मावत नाही. फांदी वाकवून खाली आलेलं वानर आणि मागच्या दोन पायांवर उभं राहून तीच फांदी ओढणारं चितळ अशी वेळ साधली तरच तो फोटो जमतो. एप्रिल-मे हा चितळांच्या माजाचा जोराचा काळ. नर घसा ताणून कर्कश ओरडतात, डोळ्याखालच्या ग्रंथी फांद्यांवर घासतात, शिंगाला शिंग लावतात. चंद्रपूरचा पारा तेव्हा पंचेचाळिशीच्या पुढे असतो, रान करपलेलं असतं, लोक पाणवठ्यावर वाघाची वाट पाहत बसतात आणि त्यांच्या पाठीमागे वर्षातलं सगळ्यांत मोठं नाट्य चालू असतं.

आता एकच हालचाल जवळून पाहू. कळप चरतोय. अचानक एक म्हातारी मादी मान वर करते. कान पुढे वळतात, दोन्ही एकाच दिशेला. शेपटी हळूहळू उभी राहते आणि तिची पांढरी आतली बाजू दिसू लागते. मग ती पुढचा एक पाय गुडघ्यात दुमडून वर उचलते आणि तसाच धरून ठेवते. कधी सेकंदभर, कधी बराच वेळ. मग तो पाय जमिनीवर आपटते. एव्हाना बाकीचे तिच्याकडे पाहायला लागलेले असतात. त्यानंतर कॉल, म्हणजे धोक्याचा इशारा देणारी हाक, येतो, किंवा येतही नाही आणि ती पुन्हा चरू लागते. जिप्सीतले सगळे कॉल ऐकल्यावर कॅमेरा उचलतात आणि वाघाच्या दिशेला फिरवतात. फोटो मात्र त्याआधीच होऊन गेलेला असतो, त्या उचललेल्या पायात. आणखी एक गोष्ट: हरणाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे तोंड दुसरीकडे असतानाही ते तुम्हाला पाहत असतं. त्याचं लक्ष कुठे आहे हे डोळ्यांवरून कळत नाही, कानांवरून कळतं. एक कान तुमच्याकडे आणि एक रानाकडे असेल, तर त्याने तुम्हाला अर्धं माफ केलेलं आहे. दोन्ही कान तुमच्याकडे असतील तर इंजिन बंद करा आणि हलू नका.

कपड्यांच्या रंगाबद्दल बरेच गैरसमज आहेत. हरणांना लाल आणि हिरव्यातला फरक आपल्यासारखा कळत नाही. वाघाचा केशरी रंग त्यांना बहुधा गवतातच मिसळलेला दिसतो. निळा मात्र त्यांना चांगला दिसतो. तेव्हा लष्करी छापाचा महागडा शर्ट आणि खाली निळी जीन्स हा पोशाख विनोदीच म्हणायचा. रंगापेक्षा हालचाल आणि वास यांनी काम बिघडतं.

सामानाविषयी थोडक्यात. चारशे मिलिमीटरपर्यंत जाणारी झूम लेन्स पुरते. सहाशेच्या लेन्सने कळप तुटतो आणि नुसतं तोंड हाती लागतं. जिप्सीच्या दांड्यावर ठेवायला बीनबॅग हवी. तांदूळ किंवा मूग गेटाजवळच्या दुकानात विकत घेऊन ती भरता येते, घरून वजन वाहायला नको. शटरचा आवाज बंद करता येत असेल तर करा. चितळाच्या अंगावरचे पांढरे ठिपके कडक उन्हात जळून जातात, म्हणून उजेडाचं माप त्या ठिपक्यांवर घ्यावं आणि सावल्या काळ्या पडल्या तर पडू द्याव्यात. सगळ्यांत मोठी अडचण उंचीची. जिप्सीत उभं राहून काढलेल्या फोटोत हरीण नेहमी वरून दिसतं, बुटकं आणि केविलवाणं. सीटवर बसा, दारातून काढा, गाडी उताराच्या खालच्या बाजूला थांबवायला सांगा. याने जेवढा फरक पडतो तेवढा कॅमेरा बदलून पडत नाही.

उंचीचा प्रश्न सुटतो माळावर. अहिल्यानगर जिल्ह्यातलं रेहेकुरी अभयारण्य जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं, पण काळवीट पाहायला ते पुरेसं आहे. सोलापूरजवळचं नान्नज आहे, चिंकाऱ्यांसाठी बारामती तालुक्यातलं मयुरेश्वर आहे. काळविटाचा नर म्हणजे उजेडाची कसोटी. पाठ काळी, पोट आणि डोळ्याभोवतीची कडी पांढरीशुभ्र. पांढरं सांभाळायला जावं तर काळ्यात तपशील राहत नाही, काळं सांभाळावं तर पोट जळतं. सूर्य वर येण्याआधीची किंवा तो कलल्यानंतरची ती अर्धी घटका सोडली तर इथे निभाव लागत नाही. नऊच्या पुढे माळ तापतो, मृगजळ उठतं आणि लांबचं काळवीट लेन्समधून पाण्यावर तरंगल्यासारखं थरथरतं. कितीही महाग लेन्स असली तरी तो फोटो धारदार येत नाही. नराची स्वतःची हद्द असते आणि हद्दीत ठरावीक जागी लेंड्यांचा ढीग असतो. तो पुन्हा पुन्हा तिथे येतो. ही जागा ओळखली की त्याच्यामागे धावायचं कारण उरत नाही. उजेड कुठून येणार ते पाहून, त्याला बिचकवणार नाही इतक्या अंतरावर आडवं पडून राहायचं.

धावायचं कारण उरत नाही, हे मुद्दाम लिहिलं. संरक्षित क्षेत्राबाहेरच्या माळांना गेट नाही, गाइड नाही, त्यामुळे काळविटांचा कळप उधळवून ‘उडीचे’ फोटो काढणाऱ्या गाड्या तिथे सर्रास दिसतात. फोटो पाहणाऱ्याला ती उडी डौलदार वाटते. माझ्या लेखी ती शिकारच आहे, फक्त गोळी झाडलेली नाही. उन्हाळ्यात दमलेला कळप पळवला की गवतात दडवलेलं पाडस मागे राहतं आणि माळावर भटक्या कुत्र्यांची कमी नाही. पाडसाचंही तसंच. चितळ असो की काळवीट, सुरुवातीच्या दिवसांत आई पिल्लाला दडवून चरायला जाते. ‘अनाथ पाडस सापडलं’ म्हणून उचलून आणणारे बहुतेक वेळा त्याला अनाथ करतात. असं पाडस दिसलं तर फोटो न काढता मागे फिरावं. या पुस्तकात दडून बसलेल्या पाडसाचा एकही फोटो नाही.

संरक्षित जंगलांत नियम आहेत, पण गर्दीपुढे ते टिकत नाहीत. २०२४ च्या अखेरच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या पिल्लांची वाट जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. हे वाघाचं होतं म्हणून बातमी झाली. पाणवठ्यावर येणारं सांबर गाड्यांची रांग पाहून न पिता परत फिरतं, याची बातमी होत नाही. ती रोजची गोष्ट आहे. हरणांसाठी थांबणाऱ्या गाड्या वाढल्या तर एका वाघामागची रांग थोडी तरी विस्कटेल, असा माझा भाबडा हिशेब आहे.

शेवटी पुस्तक कसं वाचावं याबद्दल. प्रत्येक फोटोखाली महिना आणि वेळ दिली आहे. शटर आणि आयएसओचे आकडे परिशिष्टात टाकले आहेत, कारण ते वाचून फोटो काढता येत नाही. जंगलाचं नाव आहे, नेमकी जागा नाही. रात्री फ्लॅश टाकून काढलेले फोटो घेतले नाहीत, शिरास कितीही थोर असला तरी. पिसोरीचं प्रकरण आखलं होतं. दाट झुडपात रात्री फिरणाऱ्या या तीनेक किलोच्या प्राण्याचे चांगले फोटो मुख्यतः कॅमेरा ट्रॅपमध्ये मिळतात आणि ते माझे नाहीत, म्हणून ते गाळलं. भेकराचे फोटो थोडे आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच फोटोंत भेकर पाठमोरं आहे, कारण ते तसंच दिसतं. या फोटोंमागे ज्या गाइडांचा आणि ड्रायव्हरांचा हात आहे त्यांची यादी पुस्तकाच्या शेवटी त्यांच्या संमतीने द्यायची होती. त्यांतल्या काहींनी नाव नको म्हणून सांगितलं: चितळासाठी गाडी थांबवतो अशी ख्याती झाली, तर वाघ पाहायला येणारे पाहुणे आपल्याला घेणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग यादीच काढून टाकली.